जुने पिकअप इंजिन ऑइल खात असेल तर: मोजणीपासून रिंग-पिस्टनपर्यंत तपासणीचा क्रम

निफाड, दिंडोरी आणि चांदवड या भागांतून द्राक्षे, टोमॅटो किंवा कांदा भरून नाशिकच्या बाजार समितीत अथवा थेट वाशीला जाणारी पिकअप वाहने बरेचदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हातात असतात, आणि अशा वाहनाच्या नव्या मालकाची तक्रार बहुधा ठरलेली असते: ऑइल बदलून फार दिवस झालेले नाहीत, गाडी उभी असते त्या जागी डाग दिसत नाही, तरी गेजपट्टी खालच्या खुणेपर्यंत कोरडी निघते. त्यावर मिळणारे उत्तरही ठरलेले असते, ते म्हणजे रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) गेल्या, इंजिन उतरवा. हे उत्तर काही वेळा अगदी बरोबर निघते. परंतु ते तपासणीच्या शेवटी यायला हवे आणि बहुतेक ठिकाणी ते तपासणीच्या ऐवजी दिले जाते. इंजिनचे काम करून घेतलेल्या गाड्यांपैकी काहींची तक्रार पुढच्याच हंगामात परत येते, त्याचे मुख्य कारण हेच असते.

पुढील विवेचन चार सिलिंडरच्या टर्बो डिझेल पिकअपला धरून केले आहे. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा. पेट्रोल किंवा सीएनजीवरील लहान मालवाहू वाहनांत जे वेगळे आहे, ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

आधी मोजमाप

"फार ऑइल खाते" या वाक्यावर कोणताही निर्णय घेता येत नाही. गाडी सपाट फरशीवर उभी करावी, इंजिन गरम असताना बंद करून दहा मिनिटे थांबावे, पट्टी एकदा पुसून पुन्हा बुडवावी आणि पातळी वरच्या खुणेपर्यंत आणावी. त्या वेळचे किलोमीटर लिहून ठेवावेत. त्यानंतर १,००० किलोमीटर चालल्यावर त्याच फरशीवर, गाडीचे तोंड त्याच दिशेला ठेवून, पातळी पुन्हा पाहावी आणि वरच्या खुणेपर्यंत येण्यासाठी किती ऑइल घालावे लागले ते मापाच्या भांड्याने मोजावे. मधल्या काळात घातलेले ऑइलही मोजूनच घालावे. शेतातल्या उतरत्या जागेवर पट्टी पाहून घेतलेली नोंद चार-दोनशे मिलिलिटरने सहज चुकते, आणि एवढी चूक पुढचा सगळा विचार भरकटवायला पुरेशी असते.

मिळालेला आकडा डिझेलच्या खपाशी ताडून पाहणे अधिक योग्य असते, कारण भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यांच्या इंजिनावर पडणारा भार सारखा नसतो. चांगल्या स्थितीतील डिझेल इंजिन जाळलेल्या इंधनाच्या सुमारे ०.१ ते ०.३ टक्के ऑइल वापरते, असा ढोबळ आडाखा आहे. गाडी लिटरला १२ किलोमीटर देत असेल तर १,००० किलोमीटरला सुमारे ८३ लिटर डिझेल लागते आणि त्याचे ०.३ टक्के म्हणजे पाव लिटर होते. जुन्या गाडीत अर्ध्या लिटरपर्यंतचा खप लक्ष ठेवण्याजोगा, त्यापुढचा तपासण्याजोगा आणि लिटरच्या आसपासचा खप कारण सापडेपर्यंत न सोडण्याजोगा समजावा. निर्मात्याच्या पुस्तिकेत वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच प्रमाण मानावी.

मोजणी चालू असताना पातळी खालच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नये. घाटातील वळणावर किंवा जोरात ब्रेक लावल्यावर ऑइलचा दिवा क्षणभर जरी चमकला, तरी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. हा दिवा पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो चमकतो तेव्हा पंप तेलाऐवजी हवा ओढू लागलेला असतो आणि बेअरिंगला इजा होण्यास त्यानंतर फार वेळ लागत नाही.

पट्टी फसवते तेव्हा

जुनी गाडी घेतल्यानंतर पहिल्या ऑइल बदलानंतरच खप सुरू झाला, असे सांगणारे मालक पुष्कळ भेटतात आणि दोष नव्या ऑइलला दिला जातो. प्रत्यक्षात विक्रीपूर्वी धूर आणि आवाज दडवण्यासाठी जाड ग्रेडचे ऑइल किंवा धूर कमी करणारे घट्ट मिश्रण घालण्याची पद्धत सर्रास आढळते. म्हणून गाडी घेतल्यावर पहिले ऑइल काढताना त्याकडे नीट पाहावे. गरम इंजिनातूनही ते मधासारखे ओघळत असेल, तर पूर्वीच्या मालकाला हा खप ठाऊक होता असे समजून पुढे जावे. अशा वेळी पुन्हा जाड ऑइल घालणे हा उपाय नव्हे, कारण थंड इंजिनात ते टर्बोच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते. पुस्तिकेत १५ डब्ल्यू ४० (ऑइलच्या जाडीचा ग्रेड) सांगितले असेल तर तेच घालावे आणि मोजणी त्यावरच करावी.

दुसरी फसवणूक ऑइल जास्त भरल्याने होते. "थोडे वरच असू द्या" या सवयीने पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली की क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची, वजने तेलात आपटू लागतात, तेलाला फेस येतो आणि ते ब्रीदरवाटे, म्हणजे इंजिनातील वायू बाहेर सोडणाऱ्या नळीवाटे, इनटेकमध्ये (हवा आत येण्याच्या वाटेत) जाऊन जळते. पातळी खुणेवर आली की हा खप आपोआप थांबतो. जास्तीचे ऑइल दोन-चारशे किलोमीटरांत नाहीसे झाले आणि पुढे पातळी स्थिर राहिली, तर इंजिनात दोष नसण्याचीच शक्यता अधिक असते.

तिसरी बाब १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या गाड्यांची आहे. या गाड्यांतील धुराचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, साफ होण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडते. नाशिकमधील द्वारका, पंचवटी, मुंबई नाका अशा गर्दीत आखूड फेऱ्या होत राहिल्या तर ही सफाई अर्धवट राहते आणि न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळते. परिणामी पट्टीवरील पातळी स्थिर राहते किंवा चढतेही. नंतर गाडी वाशीच्या लांब फेरीला गेली की तापलेल्या ऑइलमधून डिझेलचा काही अंश उडून जातो, पातळी एकदम उतरते आणि मालकाला वाटते की एका फेरीत इंजिनाने ऑइल खाल्ले. पट्टीवरील ऑइल बोटांत चोळल्यावर फारच पातळ लागत असेल व त्याला डिझेलचा वास येत असेल, तर आधी ऑइल व फिल्टर बदलावा आणि मोजणी नव्याने सुरू करावी. याच गाड्यांत डीपीएफमुळे निळा धूर बाहेर फारसा दिसत नाही, म्हणून "धूर नाही, तेव्हा ऑइल जळत नाही" हा तर्क त्यांना लागू पडत नाही.

गळती: उभ्या गाडीखाली दिसेलच असे नाही

पुष्कळ गळत्या दाबावर चालतात, म्हणजे इंजिन फिरत असताना ऑइल बाहेर येते आणि बंद होताच थांबते. वाऱ्याने ते मागे उडून गिअरबॉक्स, चॅसिस आणि फाळक्याखालच्या पत्र्यावर धुळीसोबत बसते. थेंबांचा हिशेब करून पाहिला तर प्रमाण कळते. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, दर दहा सेकंदांना एक थेंब पडतो असे मानले, तर तासाला १८ मिलिलिटर ऑइल जाते. ताशी सरासरी ४० किलोमीटर वेगाने १,००० किलोमीटरला २५ तास लागतात, म्हणजे एवढ्याशा गळतीने साडेचारशे मिलिलिटर ऑइल रस्त्यावर गेलेले असते आणि गाडीखाली डाग नसतो.

म्हणून इंजिन खालून-वरून धुवून, वाळवून, भार घेऊन तीस-चाळीस किलोमीटर चालवावे आणि लगेच खाली शिरून टॉर्चने पाहावे. ओल नेहमी वरून खाली आणि पुढून मागे पसरते, त्यामुळे सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला भाग शोधावा. चेंबरच्या (इंजिनखालील ऑइलच्या भांड्याच्या) तळाशी लोंबणारा थेंब फक्त शेवटचे टोक दाखवतो. टॅपेट कव्हरचे पॅकिंग, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरची बैठक, ऑइल कूलर, टर्बोला ऑइल नेणारी व परत आणणारी नळी, क्रँकचे पुढचे सील आणि ड्रेन प्लगचा वॉशर ही नेहमीची ठिकाणे आहेत. क्लचच्या घराखालील छिद्रातून ऑइल येत असेल तर क्रँकचे मागील सील किंवा गिअरबॉक्सचे पुढचे सील यांपैकी एक गेलेले असते. गिअर ऑइलचा उग्र वास वेगळा ओळखू येतो.

एक जागा हमखास सुटते. अनेक डिझेल गाड्यांत ब्रेक बूस्टरसाठीचा व्हॅक्यूम पंप इंजिनच्याच ऑइलवर चालतो आणि काही जुन्या मॉडेलांत तो अल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो. त्याचे सील गेले तर ऑइल अल्टरनेटरमध्ये शिरते, आणि एकेरी झडप खराब झाली तर बूस्टरकडे जाणाऱ्या नळीत ऑइल साचते. ही नळी सोडून आत पाहायला दोन मिनिटे लागतात.

पाण्यात ऑइल जाते आहे का, तेही इथेच पाहून घ्यावे. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटच्या दाबापेक्षा जास्त असल्यामुळे ऑइल कूलर आतून फुटला की ऑइल कूलंटमध्ये जाते आणि कूलंटच्या टाकीत तपकिरी मलई तरंगते. रेडिएटरचे झाकण गरम इंजिनावर उघडू नये.

ब्रीदर, एअर फिल्टर आणि टर्बो

तपासणीचा सर्वांत फलदायी भाग हाच आहे आणि घाईत तोच वगळला जातो. रिंगांच्या बाजूने थोडा वायू चेंबरमध्ये उतरणे कोणत्याही इंजिनात स्वाभाविक असते. गॅरेजच्या भाषेत त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. तो वायू ब्रीदरमधून निघून, तेल वेगळे करणाऱ्या जाळीतून जाऊन, टर्बोच्या आधी इनटेकच्या नळीला मिळतो. ही वाट काजळी आणि चिकट गाळाने तुंबली की चेंबरमधील दाब वाढतो. मग धडधाकट सीलांतूनही ऑइल पाझरू लागते आणि टर्बोचे ऑइल स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये परत उतरू शकत नाही. परतीच्या नळीत अडलेले ऑइल टर्बोच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडते, एका बाजूने इंटरकूलरकडे (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) आणि दुसऱ्या बाजूने सायलेन्सरकडे. अशा गाडीला नवा टर्बो बसवला तरी तो थोड्याच दिवसांत पहिल्यासारखा ऑइल सोडू लागतो आणि दोष नव्या टर्बोच्या दर्जाला दिला जातो.

तुंबलेला एअर फिल्टरही असाच परिणाम घडवतो. हवा पुरेशी मिळत नसली की टर्बोच्या हवेकडील पंख्याच्या तोंडाशी ओढ निर्माण होते आणि सीलपलीकडचे ऑइल आत खेचले जाते. म्हणून टर्बोला हात लावण्यापूर्वी ब्रीदरची नळी व जाळी स्वच्छ करावी आणि फिल्टर बदलावा. या कामाचा खर्च इंजिन उतरवण्याच्या खर्चापुढे नगण्य असतो.

इंटरकूलरची नळी सोडल्यावर आत ऑइलचा पातळ थर दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, कारण तो ब्रीदरच्या वाफेमुळे सगळ्याच गाड्यांत असतो. नळी वाकवल्यावर ऑइल वाहून येत असेल तर मात्र ते टर्बोतून येते की ब्रीदरमधून, हे वेगळे करावे लागते. त्यासाठी ब्रीदरची नळी इनटेकपासून सोडवून वायू बाहेर जाण्यास छिद्र असलेल्या बाटलीत सोडावी, इनटेकवरचे उघडे तोंड घट्ट बंद करावे (ते उघडे ठेवून गाडी चालवली तर धूळ थेट इंजिनात जाते), नळ्या व इंटरकूलर आतून पुसून कोरडे करावेत आणि भार घेऊन पन्नास-साठ किलोमीटर चालवावे. बाटलीत ऑइल जमले आणि नळी कोरडी राहिली तर दोष ब्रीदरचा किंवा बॅक कॉम्प्रेशनचा आहे. बाटली जवळपास रिकामी आणि नळी ओली असेल तर टर्बोचा. या एका चाचणीने वाचणारा पैसा पाहता ती प्रत्येक गॅरेजमध्ये नेमाने व्हायला हवी, पण बाटली बांधून गाडी फिरवण्यापेक्षा टर्बो बदलणे अधिक "काम केल्यासारखे" दिसते.

टर्बोची दांडी हाताने हलवून पाहताना बाजूला होणारी अगदी किंचित हालचाल चालते, परंतु पुढे-मागे हालचाल जाणवता कामा नये आणि पंख्याची पाती घरावर घासल्याच्या खुणा नसाव्यात. टर्बो बदलला तर इंटरकूलर धुतल्याशिवाय गाडी देऊ-घेऊ नये, कारण आत साचलेले जुने ऑइल पुढे बराच काळ जळत राहते व दुरुस्ती फसल्याचा भास होतो. परतीच्या नळीतील जळालेले कोक काढणेही तितकेच आवश्यक आहे. कसारा घाट चढून आलेला चालक इगतपुरीला चहासाठी थांबतो आणि गाडी तत्काळ बंद करतो, तेव्हा तापलेल्या टर्बोत अडकलेले ऑइल जागीच करपते. बंद करण्यापूर्वी मिनिट-दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवणे एवढाच त्यावर उपाय आहे.

येथे धोक्याची एक सूचना द्यायला हवी. इंटरकूलरमध्ये ऑइल जास्त साचले तर डिझेल इंजिन ते ऑइलच इंधन म्हणून जाळू लागते, आरपीएम स्वतःहून चढत जातो, पांढरा-निळा दाट धूर येतो आणि चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही. गाडी थांबलेली असेल तर पायाचा व हाताचा ब्रेक पूर्ण दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकून, क्लच एकदम सोडावा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडते. हवेचे तोंड कपड्याने किंवा हाताने बंद करण्याचा प्रयत्न करू नये. टर्बो ऑइल सोडतो हे कळल्यानंतर "एवढी फेरी करून आणतो" म्हणून भरलेली गाडी घाटात नेणे धोक्याचे असते.

धूर कधी येतो ते पाहणे

निळसर धूर ऑइलचा, काळा धूर जादा डिझेलचा किंवा कमी हवेचा, आणि पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा अथवा पाण्याचा असतो, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. रंगापेक्षा वेळ अधिक सांगून जाते. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी सुरू होताच निळा झोत सोडला आणि नंतर धूर थांबला, तर व्हॉल्व्हचे सील किंवा गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) झिजलेले असण्याचा संभव असतो. मात्र निफाडकडे जानेवारीत पारा एक आकडी होतो तेव्हा हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारा प्लग) कमजोर असलेली निर्दोष गाडीही सकाळी पांढरट-निळा धूर सोडते व त्याला डिझेलचा झोंबणारा वास असतो, म्हणून थंडीतील एका सकाळवरून निष्कर्ष काढू नये. पाच-दहा मिनिटे मंद चालल्यानंतर अॅक्सिलरेटर दाबताच निळा लोट आला तर टर्बोकडे, आणि भार घेऊन चढताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगांकडे आधी पाहावे.

कसारा घाट या परीक्षेला सोयीचा आहे. इगतपुरीहून गाडी गिअरमध्ये ठेवून उतरवावी, मागून दुसऱ्या वाहनातून कोणाला तरी पाहायला सांगावे आणि उतार संपल्यावर अॅक्सिलरेटर दाबावा. उतरताना टर्बोचा दाब नाममात्र असतो, इंधन जळत नसते आणि ऑइल मात्र पूर्ण दाबाने फिरत असते. त्यामुळे सीलांतून आणि गाइडमधून उतरलेले ऑइल तळाशी एकदम जळून दिसते. पेट्रोल व सीएनजी गाड्यांत उतारावर थ्रॉटल बंद असल्याने इनटेकमध्ये तीव्र ओढ निर्माण होते, म्हणून त्यांत हा लोट बहुतांशी व्हॉल्व्ह सीलचाच असतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून पुष्कळ वाहने सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यातून जातात; या चाचणीसाठी मात्र जुना घाटरस्ताच घ्यावा लागेल.

कॉम्प्रेशन, आणि त्याची मर्यादा

येथवर काही सापडले नाही तरच सिलिंडरकडे वळावे. इंजिन मंद चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून ठेवणे ही सर्वांना माहीत असलेली चाचणी आहे. झाकण उडत असेल तर बॅक कॉम्प्रेशन जास्त आहे एवढेच त्यातून कळते, तेही ब्रीदर मोकळा असल्याची खात्री असेल तर. डिझेल इंजिनात तेथून थोडी वाफ येणे सामान्य असते, म्हणून केवळ वाफ दाखवून इंजिन उतरवायला लावणाऱ्याला कॉम्प्रेशनचे, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेच्या दाबाचे, आकडे लिहून मागावेत.

चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन गरम इंजिनावर, चांगल्या बॅटरीने घ्यावे. आकडा पुस्तिकेपेक्षा थोडा कमी आला तर ध्यानात ठेवावे की नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि येथील हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के कमी असतो. सिलिंडर-सिलिंडरमधील फरक याहून महत्त्वाचा असतो. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी खाली असेल तर दोष तेथे आहे. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजण्याची पेट्रोल इंजिनातील युक्ती डिझेलला लावू नये, कारण डिझेलची दहनजागा इतकी लहान असते की टाकलेल्या ऑइलनेच आकडा वाढतो. त्याऐवजी हवा भरून ती कुठून सुटते ते ऐकणारी लीक-डाउन चाचणी करावी. ब्रीदरमधून सुटली तर रिंगा, सायलेन्सरमधून सुटली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट, असा तिचा अर्थ लागतो.

चारही आकडे उत्तम आले म्हणजे रिंगा निर्दोष ठरत नाहीत. कॉम्प्रेशन वरच्या दोन रिंगा धरतात; भिंतीवरचे ऑइल खरवडून खाली पाठवण्याचे काम तिसऱ्या, म्हणजे ऑइल रिंगचे असते. तिची छिद्रे काजळीने बुजली किंवा ती खाचेत चिकटून बसली, तर कॉम्प्रेशन पूर्ण असलेले इंजिनही लिटरभर ऑइल जाळू शकते. ऑइल बदलण्याची मुदत वारंवार टळलेल्या गाड्यांत हे हमखास आढळते. हीटर प्लगच्या भोकातून बोअरस्कोपचा कॅमेरा घातल्यास पिस्टनचा माथा कडेने ओला व स्वच्छ धुतल्यासारखा दिसतो, आणि भिंतीवर उभे ओरखडे असतील तर तेही दिसतात. रिंगा नुसत्या चिकटल्या असतील तर योग्य दर्जाचे ऑइल निम्म्या मुदतीत दोन-तीन वेळा बदलून खप उतरतो का ते पाहण्यास हरकत नाही. तीव्र फ्लशिंग द्रव जुन्या इंजिनात टाळावेत, कारण सुटलेला गाळ पंपाच्या जाळीवर जाऊन बसला तर ऑइलचा दाबच जातो.

काम करूनही खप परत आला तर

मागच्या हंगामात रिंग-पिस्टन बदललेली आणि या हंगामात पुन्हा ऑइल खाणारी गाडी आली की पहिला प्रश्न रिंगांच्या बनावटीचा विचारला जातो. तो तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा असावा की आधीच्या रिंगा इतक्या लवकर का झिजल्या. नाशिक परिसरात जानेवारी ते एप्रिल हा द्राक्षांचा हंगाम असतो. या काळात पिकअप दिवसभर बागांतील मातीच्या शिवाररस्त्यांवर, बरेचदा दुसऱ्या गाडीच्या धुळीत चालते. फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या रबरी नळीला चीर असेल किंवा क्लिप सैल असेल, तर ही धूळ न गाळता आत जाते. तिच्यातील सिलिका बिडाच्या भिंतीपेक्षा कठीण असते आणि वरची रिंग व सिलिंडरचा वरचा भाग ती सर्वांत आधी खाते. नव्या रिंगाही त्याच वाटेने जातात.

पिंपळगाव बसवंत भागातील एका द्राक्ष वाहतूकदाराच्या गाडीत नेमके हेच निघाले. इंजिनचे काम व्यवस्थित झाले होते, लायनर (सिलिंडरच्या आतील नळकांडी) नवे होते, परंतु फिल्टरच्या घराचे झाकण एका कोपऱ्यात वाकले होते आणि फिल्टरनंतरच्या नळीत बोट फिरवल्यावर पिवळसर मातीचा थर बोटाला लागत होता. ही तपासणी कोणीही करू शकते. फिल्टरच्या स्वच्छ बाजूची नळी पांढऱ्या कपड्याने पुसावी, आठवडाभर गाडी चालवावी आणि पुन्हा पुसून पाहावे. कपडा मातकट झाला तर धूळ आत जाते आहे. कंप्रेसरच्या जोरदार हवेने फिल्टर मारून वापरण्याची सवयही सोडावी, कारण त्याने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात. वापरलेल्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतला आणि त्यात लोह व क्रोमियमसोबत सिलिकॉनचे प्रमाण चढे निघाले, तर शंका उरत नाही.

दुसरे कारण लेथवर घडते. लायनर न बदलता नुसत्या रिंगा टाकल्या असतील, तर सिलिंडर बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, तसेच आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी मोजला होता का, हे विचारावे. निमुळत्या किंवा लंबगोल झालेल्या सिलिंडरात नवी रिंग बसत नाही. होनिंग करताना, म्हणजे सिलिंडरची भिंत दगडाने घासताना, तिच्यावर एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या रेषा पडायला हव्यात, कारण ऑइल त्या रेषांत टिकते आणि रिंगा त्यांवर घासून बसतात. काचेसारखी गुळगुळीत भिंत डोळ्यांना सुंदर दिसते, पण तीवर रिंगा बसत नाहीत. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक परिसरात अचूक मोजमापाची साधने दुर्मीळ नाहीत. मोजमापांचा कागद मागितला तर मिळतो, तो मागितला जात नाही.

तिसरे कारण काम झाल्यानंतरच्या दिवसांत असते. इंजिन बांधून झाल्यावर ते तासन्‌तास मंद चालू ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे आणि ती घातक आहे. रिंगांना भिंतीवर दाबण्याचे काम जळणाऱ्या वायूचा दाब करतो. मंद गतीत तो दाब अपुरा असतो, त्यामुळे रिंगा बसण्याऐवजी भिंतीवर ऑइलचा चकचकीत थर भाजून बसतो. ऑइलचा दाब, पाण्याची गळती आणि आवाज तपासून होताच गाडी रस्त्यावर काढावी, मध्यम भार ठेवावा, वेग बदलता ठेवावा, आणि सुरुवातीचे काहीशे किलोमीटर ना अतिभार द्यावा ना दीर्घकाळ मंद चालवावे.

ऐन हंगामात खप लक्षात आला आणि तो अर्ध्या-पाऊण लिटरच्या आत, कॉम्प्रेशन समान, टर्बो कोरडा अशी स्थिती असेल, तर मोजून ऑइल घालत हंगाम काढणे व मे महिन्यात इंजिन उघडणे हा शहाणपणाचा व्यवहार आहे. बीएस-६ गाडीला मात्र ही सवलत नाही, कारण जळलेल्या ऑइलची राख डीपीएफमध्ये साचते, ती सफाईच्या वेळी जळून जात नाही आणि फिल्टर बदलण्याचा खर्च इंजिनच्या कामाइतका होऊ शकतो. अशा गाडीत कमी राख देणारे, पुस्तिकेत नमूद केलेल्या दर्जाचेच ऑइल वापरावे.

काम पूर्ण झाल्यावर पहिल्या १,००० किलोमीटरचा आकडा ग्राह्य धरू नये. रिंगा बसत असताना थोडा खप होणारच. ऑइल व फिल्टर बदलून, त्याच सपाट फरशीवर, दुसऱ्या आणि तिसऱ्या हजार किलोमीटरची मोजणी करावी. आकडा उतरत असेल तर रिंगा बसत आहेत. तो जिथल्या तिथे राहिला, तर हेड खोलण्याआधी ब्रीदरला पुन्हा एकदा बाटली बांधावी आणि फिल्टरनंतरची नळी पांढऱ्या कपड्याने पुसून पाहावी.